किल्ल्यावरचं अळीव

दिवाळीच्या सुट्टीत बारामती-इंदापूरकडची पोरं अंगणात किल्ला करतात, त्यावर अळीव पेरतात आणि दोन-तीन दिवसांत हिरवळ आली की मावळे मांडून मोकळी होतात. मी जीवशास्त्र शिकवते. मला वाटतं, खरी मजा तिथूनच सुरू होते.

पेरण्याआधी चार दाणे वाटीभर पाण्यात टाका. थोड्याच वेळात प्रत्येक दाण्याभोवती बुळबुळीत, पारदर्शक वेष्टण तयार होतं. हा चिकटा पाणी धरून ठेवतो. अळीव किल्ल्याच्या उभ्या कड्यालाही धरून राहतं आणि रुजतं ते त्याच्याच जोरावर.

किल्ला भिंतीच्या आडोशाला असला तर रोपं उजेडाकडे कललेली दिसतील. उजेड रोपाच्या कुठल्या भागाला कळतो? चार्ल्स डार्विन आणि त्यांचा मुलगा फ्रान्सिस यांनी याचा छडा लावला आणि १८८० साली त्यावर पुस्तक लिहिलं. आपण डब्यात गहू पेरू. कोंब बोटाच्या पेराएवढे झाले, पण पान अजून बाहेर पडलेलं नाही, अशा वेळी काहींच्या टोकावर चॉकलेटच्या चांदीची टोपी घालायची आणि डबा खिडकीत ठेवायचा. उघडे कोंब काही तासांत वाकतात, टोपीवाले सरळच राहतात. उजेड टिपतं टोक, वाकतो खालचा भाग, कारण तिथल्या सावलीकडच्या पेशी जास्त लांबतात.

पण आपल्या मुलांनी करायलाच हवा तो प्रयोग मातीचा. १८८५ च्या सुमारास नीरा डाव्या कालव्याचं पाणी या भागात आलं, बागायत झाली, ऊस आला. जिथं पाणी जास्त आणि निचरा कमी, तिथं जमिनीखालचं पाणी वर चढलं, उन्हानं उडून गेलं आणि क्षार वरच राहिले. अशा रानावर पांढरा पापुद्रा दिसतो. तीन करवंट्या घ्या, बुडाला भोक पाडा. एकीत चांगली काळी माती, दुसरीत सुप्याकडच्या जिरायतीतली मुरमाड, तिसरीत ही खारवट. प्रत्येकीत हरभऱ्याचे १० दाणे. रोज उगवलेले कोंब मोजून वहीत लिहायचे. हरभऱ्याला क्षार सोसत नाहीत. खारट पाणी बी सहज ओढू शकत नाही. 'मीठ फुटलं' असं आजोबा म्हणतात ते काय, हे मुलांना त्या करवंटीत दिसतं. त्या खारवट रानात पूर्वी काय पिकायचं, हेही मुलांना आजोबांनाच विचारायला सांगा. मुलांच्या वहीतलं हे पान मला सगळ्यात मोलाचं वाटतं.

काळ्या मातीतली रोपं मोठ्या कुंडीत लावा आणि वाढू द्या. महिना-सव्वा महिन्यानं एक रोप मातीसकट उचलून पाण्यात हलकेच धुवा. ओढून उपटू नका, गाठी तुटून मातीतच राहतात. मुळांवरची एखादी जाडसर गाठ नखानं फोडा. आत गुलाबी निघाली, तर तिथले रायझोबियम जिवाणू हवेतला नत्र पिकाला देताहेत. हा रंग ज्या द्रव्याचा, ते आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनचं नात्यातलंच. पांढरी किंवा हिरवट निघाली, तर ती गाठ कामाची नाही. गाठीच नसतील, तर पुढच्या खेपेला अर्ध्या बियाण्याला रायझोबियम चोळून पेरा आणि दोन्हींची मुळं शेजारी ठेवून बघा.