वाट पायांची, परतफेर सायकलची

व्यापारी घरात लांबच्या पदयात्रेचा विषय निघाला, की एक ठरलेला प्रश्न समोर येतो : दुकान कोण पाहणार? प्रश्न अवास्तव नसतो. लग्नसराई संपते तो पावसाळी माल भरायचा असतो, दिवाळी आटोपते तो मार्चअखेर दिसू लागतो. महिना-दोन महिने गादी सोडून पायी हिंडणे गृहस्थाला परवडत नाही. म्हणून ती इच्छा निवृत्तीच्या खात्यावर टाकली जाते. पुढे तिजोरीच्या किल्ल्या मुलाच्या हाती देण्याचा दिवस उजाडतो तेव्हा गुडघ्यांनी आधीच हात वर केलेले असतात, आणि जी यात्रा पैशाअभावी नव्हे, तर केवळ सवडीअभावी राहिली, ती कायमची राहून जाते.

ही अडचण केवळ आपल्याकडची नाही. अमेरिकेच्या उत्तर भागातील विस्कॉन्सिन राज्यात ‘आइस एज ट्रेल’ म्हणजे ‘हिमयुगाची वाट’ या नावाची सुमारे १२०० मैलांची, म्हणजे साधारण १९०० किलोमीटरची पाऊलवाट आहे. ती एका दमात चालायची तर दोन-तीन महिने घराबाहेर राहावे लागते. शेतकरी, शिक्षक, दुकानदार यांपैकी कोणाला ते जमावे? तरीही तेथील अनेक साधी, संसारी माणसे ही वाट पुरी करतात. ती वाटेचे तुकडे पाडतात, एका सुटीस एक तुकडा चालतात आणि रात्री घरी परततात. या पद्धतीत त्यांना मोलाची साथ मिळते ती एका जुन्या, साध्या वाहनाची : सायकलची.

प्रथम वाटेविषयी. शेवटच्या हिमयुगात उत्तरेकडून सरकत आलेल्या प्रचंड हिमथराने या राज्याचा मोठा भाग व्यापला होता. सुमारे दहा-अकरा हजार वर्षांपूर्वी त्याने येथून पुरती माघार घेतली. त्याच्या खुणा या प्रदेशात इतक्या स्पष्ट उरल्या, की उत्तर अमेरिकेतील त्या अखेरच्या हिमकालाला भूशास्त्रज्ञांनी विस्कॉन्सिनचेच नाव दिले. बर्फाची कड जेथवर येऊन थबकली, तेथे त्याने ढकलत आणलेल्या माती-धोंड्यांच्या लांबच लांब टेकड्या साचल्या. भूगोलात त्यांना हिमोढ म्हणतात. हिमयुगाची वाट मुख्यतः याच कडेच्या अनुरोधाने जाते. राज्याच्या नैर्ऋत्येचा प्रदेश मात्र बर्फाखाली कधी आलाच नाही. तेथील दऱ्या खोल आणि कडे उभे, तर बर्फाने रगडलेल्या बाजूस तळी, दलदली आणि गोलसर टेकाडे, असा भेद चालणाऱ्यास पायांखालीच जाणवतो.

पश्चिमेस सेंट क्रॉय नदीच्या काठी, राज्याच्या इंटरस्टेट उद्यानात वाटेचे एक टोक आहे. १९०० मध्ये स्थापन झालेले हे विस्कॉन्सिनचे पहिले राज्य-उद्यान. हिमथर वितळला तेव्हाच्या पुराने तेथील काळ्या बेसाल्ट खडकात भोवऱ्यांनी कोरलेले रांजणखळगे आजही पाहावयास मिळतात. दुसरे टोक पूर्वेस, मिशिगन सरोवराच्या बाजूस, स्टर्जन बे गावाजवळच्या पोटावाटोमी उद्यानात आहे. या दोहोंमध्ये वाट सरळ न जाता दक्षिणेकडे मोठा हेलकावा घेते. झाडांवर व खांबांवर रंगविलेल्या पिवळ्या आयताकृती पट्ट्या हीच तिची ओळख.

या वाटेची कल्पना मिलवॉकी शहरातील रे झिल्मर नावाच्या वकिलाची. हिमोढांच्या या रांगेवरून सलग चालता यावे, असे त्यांना वाटे. त्यासाठी १९५८ मध्ये त्यांनी एक प्रतिष्ठान उभे केले. १९६० मध्ये त्यांचे निधन झाले, वाट बहुतांशी कागदावरच होती. पुढे त्याच शहराचे लोकप्रतिनिधी हेन्री रॉइस यांनी हा विषय अमेरिकी संसदेत नेटाने लावून धरला आणि १९८० मध्ये या वाटेस राष्ट्रीय निसर्गवाटेचा दर्जा मिळाला. तरीही ती आज पूर्ण झालेली नाही. निम्म्याहून अधिक भाग खरी पाऊलवाट आहे, उरलेल्या भागांत चालणाऱ्याला गावरस्त्यांवरून जावे लागते.

आता तुकड्यांच्या हिशेबाकडे वळू. माणूस मोटारीने वाटेच्या एका ठिकाणी जातो, तेथून १२ मैल चालतो. मोटार मागेच राहिलेली. ती आणायची तर तेच १२ मैल उलट चालणे आले. अशा रीतीने १२०० मैलांच्या वाटेस २४०० मैल मोजावे लागतील. दुसरा उपाय म्हणजे कोणाला तरी न्यावयास-आणावयास बोलावणे. एकदा-दोनदा मित्र आनंदाने येतो, पत्नी येते, मुलगा येतो. विसाव्या वेळी मात्र विनंती करताना जीभ जड होते. स्वतःच्या छंदापायी दुसऱ्याचे रविवार खर्ची घालणे कोणाही समंजस माणसाला रुचत नाही.

सायकल हा पेच सोडवते. मोटारीच्या मागे सायकल बांधून नेली, की माणूस कोणाचा मिंधा राहत नाही. पायवाट टेकाडांतून वळणे घेत जाते, रस्ता बहुधा जवळच्या मार्गाने जातो. त्यामुळे पायी पाच-सहा तासांचे अंतर सायकलवर तास-सव्वातासात कापता येते. विस्कॉन्सिन हे दूधदुभत्याचे राज्य. शेताशेतावरून दूध गोळा करणाऱ्या गाड्यांना बारमाही जाता यावे म्हणून तेथे आडवाटेचे रस्तेही डांबरी झाले. त्यांवर रहदारी तुरळक असते. गायींसाठी झालेली ही सोय आज सायकलस्वाराच्या कामी येते.

यातही क्रमाचा विचार आहे. एक रीत अशी : सायकल शेवटच्या ठिकाणी कुलूप लावून ठेवायची, मोटारीने आरंभास यायचे, चालत सायकलपर्यंत जायचे आणि तीवरून मोटारीकडे परतायचे. यात दिवसाचे अखेरचे श्रम थकल्या पायांवर, कलत्या उन्हात आणि कधी अंधारात पडतात. दुसरी रीत उलटी : मोटार शेवटच्या ठिकाणी उभी करायची, सकाळीच सायकलने आरंभास जायचे, सायकल तेथे ठेवून चालत मोटारीपाशी यायचे आणि घरी जाताना सायकल उचलायची. रस्त्यावरचे जोखमीचे काम ताज्या दमाने, वारा उठण्यापूर्वी होऊन जाते. चालताना उशीर झाला, पाऊस लागला, पाय मुरगळला, तरी वाटेच्या शेवटी कोरडे कपडे, पाणी आणि गाडी वाट पाहत असते. वय झालेल्या माणसाने दुसरी रीत धरावी, हे उघड आहे.

किल्ल्यांचे भान मात्र दोन्ही रीतींत ठेवावे लागते. पहिल्या रीतीत सायकलच्या कुलपाची किल्ली मोटारीत विसरली, तर बारा मैल चालून आल्यावर सायकल समोर दिसते आणि किल्ली बारा मैल मागे असते. म्हणून दोन्ही किल्ल्या एकाच दोरीत ओवून खिशात ठेवणे बरे. हवेचा पंप, एक जादा ट्यूब, शिरस्त्राण आणि मागचा लाल दिवा यांवाचून निघू नये. सायकल ठेवायची ती वाहनतळाजवळ किंवा परवानगी असलेल्या जागी, कोणाच्या कुंपणाला टेकवून नव्हे.

या पद्धतीस सर्वांत अनुकूल भाग म्हणजे मिलवॉकीच्या वायव्येस असलेल्या ‘केटल मोरेन’ राज्य-वनाचा उत्तर विभाग. येथे वाट सुमारे ३० मैल सलग जंगलातून जाते आणि त्याच प्रदेशातून एक निसर्गरम्य मोटाररस्ता ओकच्या फळाच्या आकाराच्या पाट्यांनी दाखविलेला आहे. सायकलने येताना जी टेकडी बाजूने दिसते, तिच्याच माथ्यावरून दोन तासांनी चालत जावे लागते.

येथे हिमथराच्या दोन मोठ्या जिभा एकमेकींना भिडल्या होत्या. त्यांच्या फटीत गाळ, गोटे आणि धोंडे साचून ही रांग झाली. गाळात पुरले गेलेले बर्फाचे मोठाले तुकडे मागाहून वितळले आणि वरची जमीन खचून कढईसारखे खोल खळगे पडले. त्यांनाच केटल म्हणजे किटली किंवा हंडा हे नाव. काहींत तळी आहेत, काहींत दलदल, काही कोरडे असून त्यांत ओक आणि मॅपल वाढले आहेत. पार्नेल या भागात जंगलातून नागमोडी जाणारा एक अरुंद बांध लागतो. तो पाहून एखाद्यास वाटावे, की जुन्या रेल्वेचा हा भराव असेल. वास्तविक तो बर्फाखालच्या बोगद्यातून वाहणाऱ्या ओढ्याने सोडलेल्या वाळूगोट्यांचा आहे. बर्फाच्या भिंती गेल्या, ओढा गेला, त्याच्या तळाचा गाळ तेवढा उंच बांध होऊन उरला. डंडी गावाजवळची एकाकी शंकूसारखी टेकडीही बर्फाच्या भोकातून कोसळणाऱ्या पाण्याने रचलेल्या गाळाची आहे. मोटारीतून जाणाऱ्यास ही सारी हिरवी टेकाडे एकसारखीच भासतात. त्यांचा चढउतार ज्याने पायांनी मोजला, त्यालाच त्यांचा वेगळेपणा कळतो.

दक्षिणेकडे बाराबू टेकड्यांत डेव्हिल्स लेक नावाचे सरोवर आहे. दोन्ही बाजूंस क्वार्टझाइट खडकाचे सुमारे ५०० फूट उंच कडे आणि मध्ये निवांत पाणी. पूर्वी या खिंडीतून नदी वाहत होती. हिमथराने खिंडीची दोन्ही तोंडे हिमोढांनी बुजविली आणि मध्ये हे सरोवर कोंडले गेले. तेथून जवळच मेरिमॅक येथे विस्कॉन्सिन नदी ओलांडण्यास सरकारी तराफा-नौका आहे. हिवाळा वगळता ती मोटारी, सायकली आणि पादचारी यांना विनामूल्य पैलतीरी नेते. चालणाऱ्याने तीत पाय ठेवला, तरी तेवढ्याने त्याच्या वाटेत खंड पडत नाही, कारण वाटच नौकेवरून जाते.

पूर्वेकडील अहनापी आणि दक्षिणेकडील शुगर रिव्हर या भागांत वाट जुन्या रेल्वेमार्गाच्या सपाट पट्ट्यावरून जाते. तेथे सायकलीस परवानगी असल्याने नेआण सर्वांत सोपी. खऱ्या पाऊलवाटेवर मात्र सायकल चालविण्यास मनाई आहे, आणि ती मनाई पाळली जाते.

यापुढचा प्रश्न सचोटीचा. संपूर्ण वाट पुरी करणाऱ्यास ‘थाउजंड मायलर’ असा बहुमान मिळतो. एका दमात चालला की वीस वर्षांत तुकड्यातुकड्यांनी, असा भेद तेथे केला जात नाही. मात्र गावरस्त्यांवरचे जोडभागही पायीच झाले पाहिजेत. आणि हे तपासावयास कोणी निरीक्षक येत नाही, चालणाऱ्याचा शब्दच ग्राह्य धरला जातो. मोह येथेच उभा राहतो. जंगलातील मैल रम्य असतात, डांबरी रस्त्यावरचे रटाळ. दोन्ही बाजूंस मक्याची शेते, डोक्यावर ऊन, आणि जवळ सायकल असते! तेवढे दहा मैल चाकांवरून उरकले तर कोणास कळणार? कोणासही नाही. परंतु ज्या वहीचा लेखापरीक्षक आपणच असतो, तीत खोटी नोंद करणाऱ्याची फसगत दुसऱ्या कोणाची नसते. म्हणून जाणते लोक हिशेब स्वच्छ ठेवतात : सायकलचे मैल खर्चाच्या बाजूस, पायांचे मैल तेवढे जमेस.

दुसऱ्या एका विश्वासावरही ही वाट टिकून आहे. तिचे कित्येक तुकडे खासगी शेतांतून व वनांतून जातात. मालकाने अनुमती दिली म्हणून तेथे पिवळी पट्टी दिसते. उद्या जमीन विकली गेली, किंवा कोणी फाटक उघडे टाकले, पीक तुडविले, कचरा केला आणि मालकाचे मन उडाले, तर तो तुकडा बंद होतो व वाट पुन्हा रस्त्यावर येते. नोव्हेंबरअखेरीस हरणांच्या शिकारीचा बंदूक-हंगाम असतो. त्या वेळी असे अनेक भाग चालणाऱ्यांस बंद असतात. जेथे चालता येते तेथेही भडक नारिंगी कपड्यांवाचून जाणे धोक्याचे. उन्हाळ्यात गवतातील गोचिडी लाइम रोग पसरवितात, म्हणून लांब मोजे घालणे आणि संध्याकाळी अंग तपासणे हा नित्यक्रम ठेवावा लागतो. वाट आखणे, पूल बांधणे, गवत कापणे यांतील बहुतेक श्रम स्वयंसेवकांचे. एका अर्थी १२०० मैलांची ही मालमत्ता लोकांच्या सद्भावनेवर तारण आहे, आणि प्रत्येक चालणारा आपल्या वागण्याने त्या तारणाचे मूल्य वाढवितो वा घटवितो.

शेवटी पुन्हा वेळेचा हिशेब. दिवसास १२ मैल धरले, तर १२०० मैलांस १०० दिवस लागतात. वर्षातील २० रविवार काढले, तर पाच वर्षांत वाट संपते. दूरच्या भागांसाठी मधूनमधून एखादी मोठी सुटी जोडून घ्यावी लागेल, एवढेच. या पाच वर्षांत दुकान एकही दिवस बंद राहत नाही, घरच्यांच्या गैरसोयीस निमित्त होत नाही आणि गुडघ्यांना आठवडाभराची विश्रांती मिळते. शंभर दिवस सलग ज्याला कधीच मिळणार नाहीत, त्याला शंभर रविवार मिळू शकतात. मूठमूठ भांडवल जोडून ज्या घराण्यांनी पेढ्या उभारल्या, त्यांना हे गणित नवे वाटू नये.

सह्याद्रीच्या घाटवाटा, नदीकाठचे मार्ग, दोन तीर्थांमधील जुने रस्ते आपल्याकडेही आहेत. त्यांसाठी किल्ल्या मुलाच्या हाती पडेपर्यंत थांबण्याची गरज नाही. घराच्या जिन्याखाली धूळ खात पडलेल्या सायकलच्या चाकांत हवा भरली, तरी पुढच्या रविवारचा पहिला तुकडा चालता येईल.