नवे बिऱ्हाड, जुना पत्ता

बिऱ्हाड बदलायचेच असेल तर माणसाने ते वयाच्या सातव्या वर्षी बदलावे. त्या वयात सामान दुसरे कोणी तरी उचलते, फुटलेल्या बरण्यांचा हिशेब आपल्याला द्यावा लागत नाही, आणि नव्या जिन्याचा कठडा घसरगुंडीला कितपत उपयोगी पडेल एवढाच प्रश्न आपल्यापुढे असतो. मी बिऱ्हाड बदलले ते चौपन्नाव्या वर्षी, दिवाळी बारा दिवसांवर आली असताना. आणि एका आठवड्यात एक नव्हे, दोन. पहिले आमचे स्वतःचे, नारायण पेठेतल्या वाड्यातून कोथरुडच्या चौथ्या मजल्यावर. दुसरे एका यंत्राचे. दोन्ही सामाने सुखरूप पोचली. एक चमचासुद्धा हरवला नाही. आणि तरीही दुसऱ्या दिवशी दोन्हीकडे कोणी धड उठेना.

घरात उठेनात ते माझे वडील. त्यांना आम्ही नाना म्हणतो. पेठेतल्या एका लहानशा वाचनालयाचे ते तीस वर्षे बिनपगारी चिटणीस होते. दिवसा नोकरी, संध्याकाळी वाचनालय आणि उरलेल्या वेळात आम्ही, असा त्यांचा क्रम. वाचनालयातल्या प्रत्येक पुस्तकाची नोंद त्यांनी लाल कापडी पुठ्ठ्याच्या वह्यांत स्वतःच्या हाताने केलेली होती. त्या वह्यांना वाळवी लागली तेव्हा मी त्या नोंदी संगणकात घातल्या. पुढे वाळवीने उरलेल्या वह्याही संपवल्या. म्हणजे नानांच्या तीस वर्षांच्या संध्याकाळी आता त्या एका यंत्रात होत्या.

हे यंत्र म्हणजे लोखंडाचे खोके नव्हे. ते यंत्राच्या आत राहणारे दुसरे यंत्र होते. त्याला आभासी यंत्र म्हणतात. ही कल्पना आजची नाही. आयबीएमने १९६० नंतरच्या दशकातच एका मोठ्या संगणकाच्या पोटात अनेक संगणक नांदवून दाखवले होते. आपल्या वाड्यांत घरमालक आणि भाडेकरू असत, तसाच हा प्रकार. खरा संगणक हा मालक. भाडेकरू मात्र स्वतःला स्वतंत्र समजतो. त्याला डिस्क आहे असे वाटते. ती मालकाजवळची एक भली मोठी फाईल असते. आपल्याला जाळ्याची तार जोडलेली आहे असे त्याला वाटते; तीही मालकानेच कल्पिलेली.

आमच्या भाडेकरूची जात युनिक्सची. केन टॉम्पसन आणि डेनिस रिची या दोघांनी १९६९ साली अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत, फारसे कोणी वापरत नसलेल्या एका छोट्या पीडीपी-७ संगणकावर तिचा संसार मांडला. तिची एक शाखा बर्कलेच्या विद्यापीठात वाढली आणि त्या शाखेतून १९९३ साली फ्रीबीएसडी निघाली. ती माझ्या आवडीची. अबोल, काटकसरी, आणि सांगितलेले शब्दशः ऐकणारी. शेवटचा गुण पुढे माझ्या अंगाशी आला.

वाचनालयाचा जुना संगणक थकला होता. त्याचा पंखा गिरणीसारखा आवाज करी. एका सभासदाने नवा संगणक दिला. मी जुन्यातली डिस्कची फाईल एका सुट्या डिस्कवर उतरवून घेतली आणि नवा संगणक घरी आणला, कारण दिवाळी अंकांच्या योजनेचे सभासद सोमवारी सकाळी नऊला दारात उभे राहणार होते. इकडे वाचनालयात दिवाळीची साफसफाई चालली होती. तिथल्या शिपायाने अत्यंत तत्परतेने जुना संगणक भंगारवाल्याला देऊन टाकला आणि पैसे इमानेइतबारे पेटीत जमा केले. आता परतीचा पूल राहिला नाही.

शनिवारी रात्री मी जेवणाच्या टेबलावर, चकल्यांच्या दोन डब्यांच्या मध्ये, नव्या संगणकाची कळ दाबली. भाडेकरूला हाक मारली. तो उठू लागला आणि मध्येच थांबला.

यंत्र सुरू होण्याला इंग्रजीत ‘बूट’ म्हणतात. स्वतःच्याच बुटाच्या पट्ट्या ओढून स्वतःला वर उचलावे, अशा अर्थाच्या एका जुन्या म्हणीवरून ते नाव पडले. मला हे सगळे नानांच्या उठण्यासारखे वाटते. नाना आधी डोळे उघडतात, मग तळहात पाहतात, मग जमिनीला पाय लावतात, आणि मग चालू लागतात. यंत्रातही आधी एक अगदी लहान आज्ञावली जागी होते. ती जरा मोठीला उठवते. ती प्रणालीचा गाभा उचलून आणते. आणि मग तो गाभा आपले ‘मूळ’ शोधतो. युनिक्समध्ये सगळ्या फायलींचा एकच वृक्ष असतो आणि त्याच्या मुळाला खरोखरच मूळ म्हणतात. ते सापडले, की क्रमांक एकची प्रक्रिया सुरू होते आणि ती बाकीच्या सगळ्यांना उठवते. मूळ सापडले नाही, तर क्रमांक एकच नाही, मग दोन कुठला?

पडद्यावर आले, की अमुक ठिकाणाहून मूळ जोडता आले नाही, चूक क्रमांक १९. खाली एक चौकट लुकलुकत होती: मूळ कुठून जोडू?

अशा वेळी माणूस प्रथम चुकीचेच करतो. मला वाटले, उतरवून घेताना फाईल बिघडली. सगळे पुसले आणि पुन्हा उतरवायला लावले. त्यात तीन तास गेले. मग सुट्या डिस्कवरची प्रत आणि नवी प्रत यांचा ताळा घेतला. शेवटच्या अंकापर्यंत दोन्ही सारख्या. कळ दाबली. पुन्हा तोच प्रश्न.

रात्री अडीचला आतल्या खोलीचे दार वाजले. नाना बाहेर आले, डावीकडे वळले आणि भिंतीला हात लावून उभे राहिले. वाड्यात त्यांच्या खोलीतून डावीकडे वळले की ओसरी आणि पुढे न्हाणीघर. इथे डावीकडे भिंत, आणि तिच्यावर सौभाग्यवतींनी नुकतेच लावलेले घड्याळ.

“नाना, इकडं. उजवीकडं.”

“हो, हो,” ते ओशाळून म्हणाले. “मला सगळं आठवतं रे. फक्त उठल्याबरोबर आठवत नाही.”

गेल्या तीन रात्री हेच चालले होते. शेजारच्या एकाने तर “वय झालं, आता असंच चालायचं” असे माझ्यादेखत त्यांना ऐकवले होते, आणि तेव्हापासून त्यांचे बोलणे कमी झाले होते. पेपरसुद्धा ते उघडत नसत.

परत येताना ते माझ्याजवळ टेकले. “वाचनालयाचं का?” मी मान हलवली. बिघडले असेल हे सांगायचा धीर होईना.

“काय म्हणतंय?”

“विचारतंय, माझं मूळ कुठं आहे.”

“मग सांग की.”

“मागंच लिहून ठेवलंय, नाना. पहिल्या डिस्कचा दुसरा भाग.”

“डिस्क तीच ना?”

“तीच. पण...” आणि मी बोलता बोलता थांबलो.

जुना मालक भाडेकरूपुढे खऱ्याखुऱ्या डिस्कचे हुबेहूब सोंग करी. त्या सोंगाला फ्रीबीएसडी ‘एडीए शून्य’ म्हणे. नवा मालक रोखठोक. डिस्क नाही हे आपण दोघेही जाणतो, मग सोंग कशाला, अशी त्याची रीत. तिने काम झपाट्याने होते. पण या नव्या व्यवहारातल्या डिस्कचे नाव ‘व्हीटीबीडी शून्य’. भाडेकरू उठून एडीए शून्यचे दार शोधत होता, आणि तिथे भिंत होती. सामान सगळे जागेवर होते. माझी चिठ्ठी तेवढी जुन्या वाड्याची होती.

मी हे नानांना सांगितले. ते हसले, आठवड्यात पहिल्यांदा.

“म्हणजे तू कपाटाचा नंबर पुस्तकाला दिलास. आम्हीही दिला होता. १९६८ साली मी वाचनालयात आलो तेव्हा पुस्तकावर लिहिलेलं असायचं, कपाट चार, फळी दोन, पुस्तक सतरा. चौथ्या कपाटाला वाळवी लागली, पुस्तकं हलवली, आणि सगळे नंबर खोटे ठरले. पुस्तक हातात आहे, पण यादीत सापडत नाही! सबंध मे महिना घालवला मी. तेव्हा ड्यूईची पद्धत घेतली. पुस्तकाचा नंबर त्याच्या विषयावरून. मग ते कुठल्याही कपाटात ठेवा, नाव त्याच्याबरोबर जातं.”

मेल्विल ड्यूईने ती पद्धत १८७६ साली छापली. ग्रंथपालांना जे तेव्हापासून ठाऊक होते, ते मी पोटापाण्याचा धंदा म्हणून हे काम करूनही विसरलो होतो.

लुकलुकणाऱ्या चौकटीत मी नुसते एक प्रश्नचिन्ह टंकले. तसे केले, की यंत्र आपल्याला दिसणाऱ्या डिस्कांची नावे ओळीने सांगते. त्यांत व्हीटीबीडी शून्यचा दुसरा भाग होता. तो मी हाताने सांगितला. पडद्यावर भराभर ओळी धावल्या. नाना पुढे सरकून बसले. ओळी पुन्हा थांबल्या, कारण पुढच्या डिस्कांचे पत्तेही त्याच जुन्या चिठ्ठीत होते. पण आता मूळ हाती होते. यंत्र अर्धवट जागे होऊन एकट्या माझ्याशी बोलायला तयार होते. मुळावर लिहिण्याची परवानगी मागून घेतली आणि चिठ्ठी दुरुस्त करायला बसलो. हाताशी ‘ईडी’ नावाचा जुनापुराणा संपादक होता, खुद्द टॉम्पसननेच लिहिलेल्या संपादकाचा वारस. चूक झाली तर तो समजावून सांगत नाही, नुसते प्रश्नचिन्ह दाखवतो. लहानपणी माझी गणिताची वही पाहताना नाना चष्म्यावरून असेच पाहत.

जुन्याऐवजी नवा पत्ता लिहून भागले असते. पण नानांच्या देखत ते करवेना. प्रत्येक भागाला त्याचे स्वतःचे नाव दिले. हे नाव डिस्कवरच, तिच्या विभागांच्या कोष्टकात राहते. डिस्क कुठेही गेली तरी बरोबर जाते. चिठ्ठीत आता दाराचा नंबर राहिला नाही, आतल्याचे नाव आले. पुन्हा कळ दाबली. यंत्र न अडखळता उठले.

उठले, पण मुके. माझ्या संगणकावरून हाक मारली तर ओ देईना. कारण तेच. जाळ्याच्या तारेचेही जुन्या घरातले नाव निराळे, इथले निराळे. एक ओळ बदलली आणि ओ आली. नानांनी आपल्याच हाताने एका पुस्तकाचे नाव शोधायला लावले. नोंद आली. त्यांनी ती दोनदा वाचली आणि म्हणाले, “इथं प्रकाशनाचं साल चुकलंय तुझं.”

एक सांगून ठेवतो. तुमच्या घरात कोणी या धंद्यातले असेल, त्याच्या उपयोगी पडेल. युनिक्सच्या दुसऱ्या एका कुळात, लिनक्समध्ये, याहून बिकट प्रसंग येतो. तिथे उठताना एक छोटे गाठोडे बरोबर घेतात; नव्या डिस्कशी बोलायची विद्या त्यात असावी लागते. पुष्कळदा ते गाठोडे जुन्या घरापुरतेच बांधलेले असते. ती विद्या डिस्कवर असते, पण डिस्क उघडायला तीच विद्या हवी. किल्ली पेटीत आणि पेटीला कुलूप! तेव्हा निघण्यापूर्वी, जुन्या घरातच, गाठोडे नव्याने बांधून घ्यावे. राहिलेच, तर दुसऱ्या डिस्कवरून यंत्र उठवून आत शिरावे आणि ते तिथे बांधावे. आणि जुना संगणक महिनाभर तरी भंगारवाल्याच्या दृष्टीस पडू देऊ नये.

सोमवारी नऊला वाचनालय उघडले. सभासद आले, अंक घेऊन गेले. काही घडल्याचे कोणाला कळलेही नाही.

नानांचे काम मात्र एका चिठ्ठीने होणार नव्हते. चौकटीत हाताने दिलेले उत्तर त्या एका वेळेपुरते असते. लिहून ठेवले नाही, तर यंत्र दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारते. माणसाच्या आत जाऊन लिहिता येत नाही. मी दारांवर मोठ्या अक्षरांत चिठ्ठ्या लावू का म्हणून विचारले, तर म्हणाले, “मी काय पुस्तक आहे?” तेव्हा हाताने सांगण्याला पर्याय नव्हता. त्यांची खाट फिरवली, वाड्यातल्यासारखी पूर्वेच्या खिडकीशी घेतली. आईचा फोटो उठल्याबरोबर समोर दिसेल असा लावला. आणि रोज रात्री अडीचला मी बाहेरच्या खोलीत झोपल्या जागेवरून म्हणायचे, “नाना, उजवीकडं.” त्यांनी म्हणायचे, “हो, हो.” त्या ‘हो, हो’मधले ओशाळेपण हळूहळू कमी झाले. शेजाऱ्यालाही मी सांगितले, की यांच्यातले काही हरवलेले नाही, फक्त घर बदलले आहे.

नरकचतुर्दशीला मी चारचा गजर लावला होता. जाग आली ती गजराने नव्हे. स्वयंपाकघरात दिवा होता, तेलाची वाटी तापत ठेवलेली होती आणि नाना आमच्या दारावर काठी वाजवत होते. “उठा! सूर्य उगवल्यावर का पहिली आंघोळ करणार?”

अजूनही दुपारची डुलकी काढून उठले, की ते कधी कधी डावीकडे वळतात. घड्याळापाशी क्षणभर उभे राहतात, आणि मग किती वाजले ते पाहायलाच आल्यासारखे करून उजवीकडे निघून जातात.