इंजिनाची आंघोळ

जुन्या गाडीचं इंजिन उतरवायचं म्हटलं की घरात दोन पक्ष पडतात. एक 'भंगारात द्या' पक्ष आणि दुसरा 'एकदा करून तर बघू' पक्ष. आमच्याकडे पहिल्यात आई, काका आणि सोसायटीचे सेक्रेटरी. दुसऱ्यात एकटे बाबा. मी आपला अपक्ष, बाहेरून पाठिंबा देणारा.

गाडी म्हणजे १९८६ ची प्रीमियर पद्मिनी. मूळची इटलीची फियाट ११००, आपल्याकडे कुर्ल्यात बनायची. १०८९ सीसी, चार सिलिंडर, ब्लॉक बिडाचा, हेड ॲल्युमिनियमचं. तिला तेल प्यायची आणि निळा धूर सोडायची सवय लागली होती. पंधरा वर्षांनंतर गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी नव्याने करून घ्यावी लागते, आणि आमची मुदत दिवाळीनंतर संपत होती. तोपर्यंत धूर थांबला नाही, तर काकांचा पक्ष बिनविरोध निवडून येणार होता.

मिस्त्रींनी कंप्रेशन तपासलं. तीन सिलिंडर १२० पीएसआयच्या आसपास, चौथा ८०. चौथ्यात चमचाभर तेल सोडून परत बघितलं तर आकडा वर गेला. म्हणजे व्हॉल्व नाही, रिंगा आणि बोअरच झिजलेत. (डिबगिंग याहून वेगळं काय असतं?) "हाफ इंजिन करावं लागेल साहेब. पण धुवायला माझ्याकडे पोरं नाहीत," मिस्त्री म्हणाले. धुण्याचं काम बाबांनी घेतलं. म्हणजे अर्थातच ते माझ्याकडे आलं. चार शनिवार-रविवार, मुक्काम गॅरेज.

मला वाटायचं इंजिन आधी उघडायचं आणि मग धुवायचं. उलट असतं. पहिली आंघोळ बंद इंजिनाला, बाहेरून, डिझेल आणि ब्रशने. नाहीतर उघडताना बाहेरची माती आत पडते. मग एक एक भाग सुटा करायचा, पण क्रम मोडायचा नाही. पुशरॉड जिथला तिथेच परत जायला हवा, कारण इतक्या वर्षांत तो आपल्या जोडीदाराबरोबर घासून घासून बसलेला असतो. बाबांनी मिठाईच्या खोक्याला भोकं पाडून नंबर घातले. आमच्या ऑफिसात यासाठी वेगळं सॉफ्टवेअर आहे.

खरी वादावादी झाली कॉस्टिकच्या टाकीवरून. लेथवाल्याकडे कॉस्टिक सोड्याच्या गरम पाण्याची टाकी असते. बिडाचा ब्लॉक त्यात रात्रभर ठेवला की काजळी, तेल, रंग सगळं निघून जातं. तिथला मुलगा हेडही त्यातच टाकायला निघाला. बाबांनी त्याचा हात धरला. कॉस्टिक ॲल्युमिनियम खातं, हायड्रोजनचे बुडबुडे काढत खातं. चकचकीत हेड मिळालं असतं, फक्त त्याचा सपाट चेहरा खड्ड्याखड्ड्यांचा झाला असता. मग हेड आम्ही रॉकेलने धुतलं आणि काजळी लाकडी पट्टीने खरवडली.

ब्लॉकच्या बाजूचे कोअर प्लग काढले आणि आत चिखल दिसला. वर्षानुवर्षं नळाचं पाणी घातल्याचा गंज. सगळ्यात जास्त गाळ मागे, चौथ्या सिलिंडरभोवती. पाण्याचा पंप पुढे, त्यामुळे मागे पाणी मंद आणि गाळ तिथे बसतो. मिस्त्रींनी नुसती मान हलवली. तो सिलिंडर तापत राहिला आणि झिजला, असा त्यांचा हिशोब. ८० चा आकडा कुठून आला ते मला तेव्हा कळलं. नुसत्या नव्या रिंगा टाकून गाळ तसाच ठेवला असता, तर हाच आजार परत आला असता.

बोअर करून, होनिंग होऊन ब्लॉक परत आला. भिंतीवर बारीक तिरप्या रेषांची जाळी, बघत राहावी अशी. पण त्या रेषांत होनिंगच्या दगडाची भुकटी अडकलेली असते. राहिली तर नव्या रिंगा तीच खाते. ती रॉकेलने निघत नाही. गरम पाणी, साबणाची पावडर आणि ब्रश, घरातली भांडी घासतात तसं. मग तेलाचं पांढरं फडकं फिरवायचं. राखाडी आलं की परत धुवायचं. सहा फडकी राखाडी आली. माझ्या मते चौथं पुरेसं स्वच्छ होतं. बाबांच्या मते नव्हतं. सातवं पांढरं आलं तेव्हा त्यांनी ते उजेडात धरून बघितलं आणि लगेच बोअरला तेल लावलं. ओलं बीड तासाभरातही गंज धरतं.

बाकी जुळणी मिस्त्रींची. इंजिन सुरू झालं, थोडा वेळ धूर आला, मग थांबला. गाडी तपासणीत पास झाली. खर्च गाडीच्या किमतीहून जास्त झाला. तेवढ्यापुरते काका बरोबर होते.

गेल्या वर्षापासून डोळ्यांमुळे बाबा संध्याकाळनंतर गाडी चालवत नाहीत. त्यामुळे एवढा खटाटोप कोणासाठी, हा आईचा प्रश्न रास्तच होता. आरटीओतून परतताना बाबा डावीकडच्या सीटवर बसले आणि म्हणाले, "पहिले हजार किलोमीटर साठच्या पुढे नेऊ नकोस. मग तेल बदल." म्हणजे उत्तर ठरलेलंच होतं तर!

असो. तुमच्याकडेही अशी एखादी झाकून ठेवलेली गाडी असेल, तर इंजिन खोलायच्या आधी रेडिएटरचं झाकण उघडून बघा (इंजिन थंड असताना!). पाणी विटकरी असेल, तर सुरुवात तिथूनच करा.