डेवी सांतचा दिवस

शुक्रवारी, २७ फेब्रुवारीला, पुण्याहून बहिणीचा फोन आला. मराठी भाषा गौरव दिनाच्या शुभेच्छा देऊन झाल्यावर मी लेकीला म्हटलं, "मावशीशी मराठीत बोल ना." ती इंग्रजीतच "नंतर" म्हणाली आणि पळाली. सात वर्षांची पोर, तिला काय बोलणार? पण ते मनात सलत राहिलं. दुसऱ्या दिवशी ब्रिस्टलहून निघालो, सेव्हर्न नदीवरचा पूल ओलांडून वेल्समध्ये शिरलो आणि रस्त्यावर 'स्लो'च्या जोडीला वेल्श 'अराफ' दिसू लागलं.

टायवी नदीच्या खोऱ्यातलं ते एक साधंसं हॉलिडे पार्क. उतारावर ओळीनं कॅरव्हॅन, कुंपणापलीकडे मेंढ्या आणि नुकतीच जन्मलेली कोकरं. रविवार, १ मार्च. सकाळी सामायिक हॉलमध्ये गेलो, तर टेबलांवर मुरंब्याच्या रिकाम्या बरण्यांत पिवळीधमक डॅफोडिल्स. मुली उंच काळ्या टोप्या घालून आणि खांद्यावर शाली घेऊन मिरवत होत्या. कोपऱ्यात मोठ्या पातेल्यात काउल रटरटत होतं: मटण, बटाटे आणि भरपूर लीक. लीक म्हणजे कांद्याच्या पातीची थोरली बहीण. कुणी डॅफोडिलऐवजी तीच कोटाला टाचली होती.

हा दिवस वेल्सच्या संताचा. तिथं त्याला डेवी सांत म्हणतात, आणि 'सांत' म्हणजे आपला संतच. ५८९ साली १ मार्चला तो गेला असं मानतात. आमच्या पार्कपासून जवळच्या लॅनडेवी ब्रेवी गावी तो बोलायला उभा राहिला, मागच्यांना ऐकू येईना, तेव्हा पायाखालची जमीनच वर उचलली गेली, अशी कथा आहे. चर्च आजही त्या उंचवट्यावर आहे. मला मात्र त्या चमत्कारापेक्षा त्याचं शेवटचं सांगणं जवळचं वाटतं. मला जी लहान लहान कामं करताना पाहिलंत, ती करत राहा, असं तो म्हणाला म्हणे.

या दिवशी सार्वजनिक सुट्टी असावी, असा ठराव वेल्सच्या विधिमंडळानं २००० साली एकमतानं केला. लंडननं ती दिली नाही. मला हे खरंच लागतं. आपल्या सणाची सुट्टी दुसऱ्याकडे का मागावी लागावी?

हॉलमध्ये तव्यापाशी सत्तरीच्या एक बाई होत्या. बिडाचा जाड, सपाट तवा. मैद्याला लोण्याचं मोहन, त्यात साखर, अंडं, काळे बेदाणे आणि किंचित मसाला. जाडसर लाटून वाटीनं पाडलेल्या चकत्या त्या मंद आचेवर भाजत होत्या. यांना त्या 'पिके आर अ माएन' म्हणतात, दगडावरच्या पोळ्या. भाजता भाजता त्यांनी सांगितलं, की त्यांच्या पणजीच्या शाळेत वेल्श बोलणाऱ्या मुलाच्या गळ्यात लाकडाचा तुकडा अडकवत. पुढचा कुणी वेल्श बोलला की तो त्याच्या गळ्यात जाई. दिवस संपताना ज्याच्याकडे असेल, त्याला छडी. त्या हे अगदी शांतपणे सांगत होत्या. २०२१च्या जनगणनेत वेल्श येणारे सुमारे ५ लाख ३८ हजार निघाले, शंभरांत अठराही नाहीत. २०५०पर्यंत दहा लाख करायचे असं सरकारचं उद्दिष्ट आहे. पण त्या हॉलमध्ये बघत होते ते वेगळंच: आजी नातवाला नाक पूस म्हणाली ते वेल्शमध्ये, आणि त्यानं कटकट केली तीही वेल्शमध्ये.

लेक तव्याकडे टक लावून बघत होती. बाईंनी तिला स्टुलावर उभं केलं. कडा कोरड्या दिसल्या की त्या म्हणत, "नाउर!" म्हणजे आत्ता. दोनदा ऐकलं, आणि तिसऱ्या वेळी लेकच त्यांच्या आधी ओरडली, "नाउर!"

मग हातातली वस्तू माझ्याकडे धरून तिनं इंग्रजीत विचारलं, "आई, याला आपण काय म्हणतो?"

"उलथनं."

"उल... उलतनं."

"थ. उलथनं."

तिनं पुन्हा म्हणून पाहिलं. बाईंनीही म्हणून पाहिलं. तेवढ्यात तव्यावरची एक चकती करपू लागली, आणि लेकीनं ती उलटली.