मातेचा वारसा

गतवर्षीं पावसाळा सरल्यावर आम्ही कांहीं विद्यार्थ्यांसह पळसदरीच्या तलावावर गेलों होतों. कांठीं बगळ्याचें एक पीस सांपडलें. तें उचलून एका विद्यार्थ्यानें विचारलें, "सर, एवढ्यावरून पक्ष्याचें कूळ कळेल काय?"

कळतें खरें! पिसाच्या मुळाशीं राहिलेल्या पेशींत मायटोकाँड्रिया नामक सूक्ष्म घटक असतात. त्यांत सुमारें १७ हजार अक्षरांचा वर्तुळाकार जनुकलेख असतो. जनुकें अवघीं ३७. दोन पक्ष्यांचे लेख ताडून पाहावे. फरक जितका थोडा, तितकें नातें जवळचें.

पोमॅराइन स्कुआचेंच पाहा. हा समुद्रपक्षी उत्तर ध्रुवाकडील प्रदेशांत घरटें करितो आणि हिवाळ्यांत आपल्या अरबी समुद्रावरही येतो. रूपानें तो लहान स्कुआंपैकीं वाटे; परंतु १९९७ सालीं प्रसिद्ध झालेल्या संशोधनांत त्याचा हा लेख थोराड स्कुआंशीं जुळला. अंटार्क्टिकांत आपल्या 'मैत्री' ठाण्याच्या परिसरांत घरटीं करणारा स्कुआ त्या थोराडांतलाच.

हा लेख पिलास मातेकडूनच मिळतो. हें सांगतांना आमचा कंठ दाटला. आमचे वडील लहानपणींच निवर्तले. वर्गांत कोणी कूळ विचारलें, कीं आम्ही मान खालीं घालीत असूं. परक्या घरचीं भांडीं घासून आम्हांस शिकविणारी आई त्या उत्तरांत कधीं आलीच नाहीं. पेशीपेशींत तिचा लेख वागवीत असतां आम्हीं तिचें नांव घेण्यास लाजावें!

बालमित्रहो, कोणी कूळ विचारलें, तर आईचेंही नांव ताठ मानेनें सांगा.