तिसरी सही



जुन्या टेस्ट क्रिकेटर्सबद्दल वाचताना जॅक वॉरल भेटला. १८८५ ते १८९९ या काळात ऑस्ट्रेलियाकडून ११ टेस्ट खेळला. पण खरं नाव कमावलं ते तिथल्या फुटबॉलमध्ये. हा आपला फुटबॉल नव्हे हं! अंडाकृती बॉल, एका बाजूला १८ जण. बॉल हातात घेऊन पळता येतं, पण फेकायचा नाही. पायाने मारायचा, नाहीतर मुठीने.

मेलबर्नच्या फिट्झरॉय क्लबचा तो कॅप्टन होता. १९०२ साली कार्लटन क्लबचा सेक्रेटरी झाला. तेव्हा टीमचा सराव कॅप्टनच बघायचा. वॉरलने ते काम स्वतःकडे घेतलं, म्हणून त्याला तिथल्या लीगचा पहिला कोच मानतात. फिटनेस, कडक शिस्त, दारू बंद. १९०६, १९०७, १९०८... सलग तीन वर्षं चॅम्पियन!

आणि १९०९ मध्ये? शिस्त आणि पैशांवरून त्याच पोरांनी बंड केलं. सीझन चालू असतानाच त्याने कोचपद सोडलं. त्या वर्षी कार्लटन फायनल हरलं, फक्त २ पॉइंटने.

इथे माझं वाचन थांबलं.

गेल्या वर्षी आमच्या हॉस्टेल टीमचा कॅप्टन पहाटे साडेपाचला दार वाजवायचा. उशीर झाला की ग्राउंडला दहा राउंड. शेवटी आम्ही सरांना अर्ज दिला, 'कॅप्टन बदला.' त्यावर तिसरी सही माझी. तो काहीच बोलला नाही. शिट्टी आणि बॉलच्या कपाटाची किल्ली माझ्याच हातात देऊन गेला. मग प्रॅक्टिस सातला, मग आठला, मग बंदच. पहिल्याच मॅचमध्ये आम्ही बाहेर!

कार्लटनच्या पोरांची तक्रार कदाचित खरीही असेल. माझी मात्र फक्त झोपेची होती.

वॉरल पुढे एसेन्डन क्लबकडे गेला आणि १९११, १९१२ ला त्यांना जिंकून दिलं. आमच्या दादाला कुठला दुसरा क्लब? तो पास होऊन निघून गेला.

परवा त्याला फोन केला. सॉरी म्हणायचं होतं. त्याने आधीच विचारलं, "काय रे, हल्ली किती वाजता उठतोस?"

"साडेपाचला," मी थाप मारली.

त्या रात्री अलार्म लावला.