सहाव्या हिश्शाची जीप

खेळणें आणि प्रतिकृति या दोहोंत लोक सहसा भेद करीत नाहींत. चाकें असलेली कोणतीहि लहान वस्तु दिसली कीं तिला खेळणें म्हणून ते मोकळे होतात. परंतु ज्यानें एकदां तरी एखादी खरी वस्तु न्याहाळून, तिचें माप घेऊन, तीच लहान आकारांत घडविण्याचा यत्न केला आहे, त्यास या दोहोंमधील अंतर पुरतें ठाऊक असतें. खेळण्यास मुलाची कल्पना पुरते. प्रतिकृतीस वस्तुस्थितीचा आधार लागतो. आम्हां दोघां बंधूंस गेलीं कांहीं वर्षें बिनतारी यंत्रानें डोंगरखडकांवर चालणाऱ्या मोठ्या प्रतिकृति सजविण्याचा छंद जडला आहे. त्यांवर खऱ्यासारखें सामान लादावें, आंत खऱ्यासारखीं माणसें बसवावीं, आणि मग गाडी टेकडीवर चढवावी, असा हा उद्योग आहे. या उद्योगांत शिकण्यासारखें काय आहे, हें आमच्या विद्यार्थी मित्रांस व त्यांच्या पालकांस सांगावें, एवढाच या लेखाचा हेतु.

बिनतारी लहरींनीं दूरची वस्तु चालवितां येते, हें निकोला टेस्ला या शास्त्रज्ञानें १८९८ सालीं न्यूयॉर्क येथें मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्यें एका लहानशा नौकेच्या साहाय्यानें लोकांस दाखविलें. पुढें अनेक दशकांनीं जपानांतील शिझुओका शहरच्या तामिया कंपनीनें १९७६ सालीं पोर्शे मोटारीची बिनतारी प्रतिकृति विकावयास काढली. १९७९ सालीं वाळूंत व खडबडीत जमिनीवर धांवणाऱ्या गाड्या आल्या, आणि १९८१ सालीं टोयोटा हायलक्सची प्रतिकृति आली. हिचा सांगाडा खऱ्या गाडीप्रमाणें शिडीसारखा होता, खालीं पाट्यांच्या स्प्रिंगा होत्या आणि आंत तीन गिअर होते. या गाड्या बहुधा मूळच्या दहाव्या हिश्शाच्या असत. त्याहून मोठा सहावा हिस्साहि आतां रूढ झाला आहे. अमेरिकेंतील ॲक्सिअल कंपनीनें २०२१ सालीं त्या मापाची जीप काढली. या मापास एक विशेष सोय आहे. १९६४ सालीं अमेरिकेंत हॅसब्रो कंपनीनें जी. आय. जो नांवाचा सुमारें एक फूट उंचीचा शिपाईबाहुला काढला, तेव्हांपासून त्या उंचीचीं माणसें, त्यांचे कपडे, बूट व हत्यारें बाजारांत मिळूं लागलीं. सहा फूट माणसाचा सहावा हिस्सा एक फूटच होतो. त्यामुळें गाडी आणि माणूस यांची जोडी आयतीच जमली.

आमची गाडी १९४१ सालच्या विलीज जीपची सहाव्या हिश्शाची प्रतिकृति आहे. एका स्नेह्याकडून ती आम्हीं वापरलेलीच विकत घेतली. मूळ जीप सुमारें ३.३५ मीटर लांब. आमची ५६ सेंटिमीटर. येथें गणिताच्या विद्यार्थ्यांनीं थोडें थांबावें. लांबी सहावा हिस्सा झाली म्हणजे पृष्ठफळ छत्तिसावा हिस्सा होतें आणि घनफळ दोनशें सोळावा. मूळ जीपचें वजन सुमारें १,०५० किलो. त्याचा दोनशें सोळावा हिस्सा पांच किलोहूनहि किंचित् कमी भरतो. वीस लिटर पाण्याचा पत्र्याचा डबा खरा असतां सुमारें ४७ सेंटिमीटर उंच असतो व भरल्यावर चोवीस किलोच्या आसपास जातो. आमचा डबा ८ सेंटिमीटर उंच, आणि वजन ११० ग्रॅम असावें. आम्हीं त्यांत बारीक शिशाचे छर्रे घालून तेवढें वजन केलें आहे. कोणी म्हणेल, डब्याच्या आंत काय आहे हें कोणास दिसतें? डबा दिसतो, आणि गाडी कलली म्हणजे त्याचें वजनहि दिसतें.

गुरुत्वाकर्षण मात्र आपल्या सोयीसाठीं लहान होत नाहीं. सहा फुटांवरून पडणाऱ्या दगडास जमिनीवर येण्यास जो वेळ लागतो, त्याहून एका फुटावरून पडणाऱ्या खड्यास सुमारें अडीचपट कमी लागतो. म्हणून लहान गाडी खऱ्या गाडीहून अडीचपट घाईनें कलते, आदळते व हिंदकळते. ती भरधांव सोडली कीं पाहणाऱ्याच्या मनांतील भ्रम क्षणांत मोडतो. खरी जीप खडकाळ वाटेनें ताशीं दहा किलोमीटर जात असेल, तर आमची चार किलोमीटरनें, म्हणजे माणसाच्या संथ चालीनें, गेली पाहिजे. सामान चढवितांना हेंच भान ठेवावें लागतें. टपावर ओझें वाढलें कीं गाडीचा तोल वर सरकतो आणि पहिल्याच उतारावर ती आडवी होते. याकरितां छंदी लोक आंसांजवळ पितळेचीं वजनें बसवून तोल खालीं आणतात.

सामानाविषयीं आणखी एक गोष्ट सांगावयाची आहे. आपल्याकडे दिवाळींत मुलें अंगणांत मातीचा किल्ला करितात. त्यावरील मावळा बुरुजाहून उंच असतो, त्याच्या शेजारीं उभी असलेली गवळण मावळ्याहूनहि थोराड असते, आणि तरी त्या किल्ल्यास कोणी नांवें ठेवीत नाहीं. कारण तो भावनेनें पाहावयाचा असतो. प्रतिकृतीस ती सवलत नाहीं. एका वस्तूचें माप चुकलें कीं भोंवतालच्या दहा खऱ्या वस्तु खोट्या दिसूं लागतात. यांत सर्वांत हट्टी पदार्थ म्हणजे कापड. गाडी लहान झाली तरी सुतांची जाडी लहान होत नाहीं. जाड्याभरड्या कापडाचा टप लाकडासारखा ताठ उभा राहतो. आम्हीं आजीच्या जुन्या मलमलीचा तुकडा घेतला, चहाच्या पाण्यांत रंगविला, पातळ डिंकांत बुडविला आणि ओला असतांच त्याच्या घड्या बोटांनीं पाडून वाळविला. दोराकरितां शिवणकामाच्या तीन दोऱ्यांस पीळ घालून त्यांस मेण लाविलें. चिखलाकरितां तांबडी माती वस्त्रगाळ केली, कारण वाटेवरील साधा खडा सहाव्या हिश्शाच्या जगांत धोंडा ठरतो. गंजाची युक्ति तर मोठी मौजेची आहे. पत्र्यास आधीं गंजासारखा तपकिरी रंग द्यावा; तो वाळल्यावर पाणी शिंपडून वर मिठाचे कण भुरभुरावे; त्यावर गाडीचा मूळ रंग द्यावा, आणि वाळल्यावर मीठ झाडून टाकावें. जेथें मीठ होतें तेथें रंग उडून खालचा गंज उघडा पडल्याचा हुबेहूब भास होतो.

परंतु गंज कोठें धरतो? रंग कोणत्या कडेवर उडतो? सामान कोणतें न्यावें? या प्रश्नांचीं उत्तरें दुकानांत मिळत नाहींत. तयार सामानाच्या पेटींत कुऱ्हाडी, बंदुका, पेट्या, मशाली असें पुष्कळ असतें, आणि नवशिक्याचा मोह असा कीं सर्वच गाडीवर लटकवावें. आम्हांस उत्तरें मिळालीं तीं आमच्या काकांकडून. काकांनीं एका सरकारी खात्याची जीप सुमारें तीस वर्षें चालविली. कोयनेच्या खोऱ्यांतील कच्चे रस्ते आणि कुंभार्ली घाटांतील पाऊस त्यांच्या अंगवळणीं पडलेला. आतां काचबिंदूनें त्यांची दृष्टि अधू झाली आहे; उजेड, अंधार व मोठे आकार तेवढे कळतात. गाडी चालविणें तर दूरच, एकट्यानें जिना उतरणेंहि बंद झालें आहे. पूर्वी घरांत सर्वांहून अधिक बोलणारे काका अलीकडे दिवसेंदिवस बोलेनासे झाले होते.

एके संध्याकाळीं आम्हीं वही घेऊन त्यांच्यापाशीं बसलों आणि विचारिलें, 'काका, तुमच्या जीपमध्यें काय काय असे?' ते प्रथम हंसले. मग थोडा वेळ गप्प राहून सांगूं लागले. 'पाण्याचा डबा. त्याला दोरीनें बांधलेला ॲल्युमिनियमचा पेला. सुटा ठेवला तर खडखडून डोकें उठवी. फावडें, पहार, दोर. चाकाखालीं लावायला लांकडाचा ठोकळा, एका बाजूनें झिजलेला. कंदील. आणि सीटखालीं भाकरीचा डबा.' आम्हीं विचारिलें, 'कुऱ्हाड?' ते म्हणाले, 'कुऱ्हाड वाटेंतल्या गांवांत मागून मिळते रे. पाणी मिळत नाहीं.' त्या एका वाक्यानें आमच्या गाडीवरील सामानाची यादी ठरली. त्या यादीबाहेरची एकहि वस्तु आज गाडीवर नाहीं, आणि यादींतील प्रत्येक वस्तु हाताशीं येईल अशाच जागीं आहे.

मग चालकाचा पुतळा घडवावयाचा होता. तारेचा सांगाडा करून त्यावर दोन भागांची लांबी चढविली कीं ती कांहीं तासांत दगडासारखी घट्ट होते. तोंवर तिला हवा तो आकार देतां येतो. आम्हीं काकांस विचारिलें, 'घाट उतरतांना चाक कसें धरावें?' काका स्वयंपाकघरांतील पाटावर बसले आणि हातांत परातीचा कांठ धरून त्यांनीं दाखविलें. पाठ टेकलेली नाहीं. उजवा खांदा किंचित् पुढें. आणि दोन्ही आंगठे चाकाच्या आंत वळविलेले नाहींत, तर बाहेर, कडेवर टेकलेले. 'पुढचें चाक दगडावर बसलें कीं हें चाक हातांत गर्रकन फिरतें,' ते म्हणाले. 'आंगठा आंत असला तर मोडतो. आमच्यांतल्या एकाचा मोडला होता.' ही गोष्ट एवढ्या गाड्या पाहूनहि आमच्या ध्यानीं येण्यासारखी नव्हती, कारण ती गाडींत नसते. ती हातांत असते.

विलीज जीपचें सुकाणूचाक डावीकडे असे. आपल्या देशांत स्वातंत्र्योत्तर काळांत महिंद्र कंपनीनें विलीजच्या परवान्यानें ज्या जीपगाड्या रस्त्यावर आणिल्या, त्यांत उजवीकडे चाक असलेल्याहि असत. काकांची जीप या दुसऱ्या कुळांतली. म्हणून आम्हीं चाक व चालक उजवीकडे आणिले. प्रतिकृतीचीं पुढचीं चाकें वळविणारें लहान यंत्र गाडीच्या पोटांत दडलेलें असतें. त्याचीच एक बारीक तार पुतळ्याच्या मानेस जोडिली आहे. गाडी वळली कीं चालक त्या दिशेस पाहतो. वेताळ टेकडीच्या काळ्या दगडांवर ती हळूहळू चढतांना फिरावयास आलेले लोक थांबतात, आणि गाडीकडे न पाहतां आंतल्या माणसाकडे पाहतात.

पालकांस येथें दोन शब्द सांगणें अवश्य आहे. हा छंद स्वस्त नव्हे. ॲक्सिअलची वर सांगितलेली जीप बाजारांत आली तेव्हां तिची किंमत सुमारें एक हजार डॉलर होती. परंतु या लेखांत वर्णिलेल्या सजावटीस मुख्यतः मलमल, मीठ, माती व दोरा हेंच लागलें. गाडी नसली तरी सहाव्या हिश्शाची बैलगाडी, मोट किंवा चूल कोणाहि मुलास करितां येईल, आणि तिला वीजहि लागत नाहीं. गाडी असलीच, तर लिथियमची बॅटरी भारित होत असतां ती एकटी सोडून कोणीहि उठूं नये. ती पेट घेऊं शकते.

चालकाचा पुतळा पुरा झाला तेव्हां आम्हीं गाडी काकांच्या मांडीवर ठेविली. त्यांनीं ती डोळ्यांनीं पाहिली नाहीं; बोटांनीं पाहिली. आधीं टप, मग पाण्याचा डबा, मग दोरीनें बांधलेला पेला. शेवटीं बोटें चालकाच्या हातांवर आलीं आणि आंगठ्यांपाशीं थांबलीं. बऱ्याच वेळानें ते म्हणाले, 'हा घाट उतरलेला आहे.'

त्यानंतर काका पुन्हां बोलूं लागले. पावसाळ्यांत घाटांत धुकें दाटे, तेव्हां दिव्यांचा उजेड धुक्यावर आदळून परत येई व चार हातांपुढें कांहीं दिसत नसे. अशा वेळीं खात्याचा एक खलाशी खालीं उतरून, कंदील घेऊन, दरीच्या कडेनें गाडीपुढें चालत जाई. त्याच्या कंदिलामागून काका जीप हांकीत. कैक रात्री तो असा चालला. त्याचा पुतळा आम्हीं सध्यां घडवीत आहों. काकांस त्याचें नांव आठवतें, त्याची चाल आठवते, कंदील कोणत्या हातीं असे तेंहि आठवतें. परंतु चेहरा सांगतां येत नाहीं, कारण त्यांनीं तो बहुतेक पाठमोराच पाहिलेला. म्हणून आम्हीं त्यास घोंगड्याची खोळ पांघरविली आहे, आणि ती पुढें कपाळाखालीं ओढून घेतली आहे. तिच्या आंत तोंड कोरलेलें नाहीं. डाव्या हातांत कंदील आहे.